एक स्वल्पविराम, एक जादा ओळ: कंपायलरला प्रश्न विचारण्याचा इतिहास

१/
२१ फेब्रुवारी २०१४. ॲपलने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती प्रसिद्ध केली. दोष एका ओळीचा होता. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी भाषेतील फाइलमध्ये 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. पहिली ओळ वरच्या अटीला बांधलेली होती. दुसरी मात्र कोणत्याही अटीविना, प्रत्येक वेळी चालत होती. परिणामी समोरच्या सर्व्हरची डिजिटल स्वाक्षरी पडताळण्याचा टप्पाच ओलांडला जाई आणि फंक्शन 'सर्व ठीक' असे उत्तर देई.

२/
म्हणजे एखाद्या सार्वजनिक नेटवर्कवर मोक्याच्या जागी बसलेला भामटा बँकेच्या सर्व्हरचे सोंग घेऊ शकत होता, आणि फोनला त्याचा संशयही येत नव्हता. ही चूक यंत्राला ओळखता येण्याजोगी होती. जादा ओळीखालचा कोड कधीच चालणार नाही, हे सांगणारा पर्याय क्लँग या कंपायलरमध्ये उपलब्ध होता. पण तो वेगळा मागावा लागे. नेहमीचे इशारे चालू करूनही कंपायलर गप्प राहत असे.

३/
यंत्राला उत्तर ठाऊक असते, पण प्रश्न विचारल्याशिवाय ते बोलत नाही. ही परिस्थिती कशी निर्माण झाली? कंपायलरच्या आज्ञेत आडव्या रेघेने सुरू होणारी ती लहान लहान अक्षरे कोठून आली? प्रोग्रॅम बांधताना काय बिघडले, हे शोधण्याच्या साधनांचा हा सुमारे साठ वर्षांचा इतिहास. योगायोग असा की त्याची सुरुवातही एका 'गो टू'पासूनच होते.

४/
एप्रिल १९५७. अमेरिकेतील पिट्सबर्गजवळची वेस्टिंगहाऊस-बेटिस ही अणुभट्ट्यांची रचना करणारी प्रयोगशाळा. तेथील संगणक केंद्रात छिद्रित कार्डांनी भरलेला एक खोका पोहोचला. सोबत माहितीपुस्तिका नव्हती, खोक्यावर नावही नव्हते. हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क केला की हा बहुप्रतीक्षित फोरट्रान कंपायलर असावा. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये १९५४ पासून त्याचे काम चालू होते.

५/
त्यांनी कार्डे आयबीएम ७०४ या संगणकाला दिली आणि पाठोपाठ स्वतःचा एक चाचणी प्रोग्रॅम दिला. निकाल आला तो संख्यांचा नव्हता. यंत्राने छापून कळवले होते की 'गो टू' प्रकारच्या एका विधानात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम राहिला आहे. स्वल्पविराम घालून कार्ड पुन्हा दिले आणि प्रोग्रॅम चालला. आयबीएमच्या बाहेर फोरट्रानने केलेल्या पहिल्या कामगिरींपैकी ही एक. एक नेमकी चूक, नेमक्या ठिकाणी दाखवलेली.

६/
या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्याआधीचे जग आठवावे लागते. यंत्रभाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये स्वल्पविराम नव्हताच. होते ते आकडे. एक आकडा चुकला तर यंत्र तो चुकीचा आकडाही आज्ञाधारकपणे पाळी. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये युनिव्हॅकसाठी 'ए-शून्य' तयार केले, तेव्हापासून यंत्राकडून भाषांतराचे काम करवून घेण्याची कल्पना रुजू लागली. भाषांतर करणारा मध्ये आला, आणि 'तुमचे वाक्य मला कळले नाही' असे म्हणणारा कोणीतरी प्रथमच निर्माण झाला.

७/
पण त्याच्याशी संवाद एकतर्फी होता. तो सांगेल तेवढे ऐकायचे. उलट प्रश्न विचारण्याची सोय हळूहळू आली. ७०४ च्या दर्शनी पटलावर सहा 'सेन्स स्विच' होते आणि चालणारा प्रोग्रॅम त्यांची स्थिती वाचू शकत असे; फोरट्रान भाषेत त्यासाठी स्वतंत्र विधानच होते. प्रोग्रॅमला हात न लावता त्याचे वर्तन बाहेरून बदलायचे, ही आजच्या कमांड लाइन पर्यायामागची मूळ कल्पना. फरक इतकाच की तेव्हा पर्याय बोटांनी दाबले जात.

८/
१९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेत हे स्विच शब्द झाले. काम सोपवताना द्यावयाच्या नियंत्रण कार्डांवर 'पार्म' नावाची जागा असे. तेथे 'लिस्ट' लिहिले की कंपायलर तयार झालेल्या यंत्र-आज्ञांची यादी छापी. 'मॅप' लिहिले की कोणते नाव स्मृतीत कोठे ठेवले याचा तक्ता मिळे. 'एक्सरेफ' मागितले की कोणते नाव कोणकोणत्या विधानांत आले आहे ते समजे. बिघाड शोधणाऱ्याच्या हाती प्रथमच प्रश्नांची यादी आली.

९/
त्या काळी प्रश्न जपून विचारावे लागत. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. भारतातही हेच चित्र होते. आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली आयबीएम १६२० आला. मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेल्या टिफ्रॅकनंतर १९६४ मध्ये सीडीसी ३६०० बसवला आणि देशातील अनेक संशोधन संस्था त्यावर अवलंबून राहिल्या. अशा व्यवस्थेत राहून गेलेला एक स्वल्पविराम म्हणजे वाया गेलेली एक पाळी.

१०/
या वाया जाणाऱ्या वेळेवर पहिला मोठा उपाय विद्यार्थ्यांनी केला. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात १९६५ मध्ये पदवीच्या चार विद्यार्थ्यांनी आयबीएम ७०४० साठी 'वॉटफोर' हा फोरट्रान कंपायलर लिहिला. त्यामागचा विचार साधा होता. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम बहुधा एकदाच यशस्वीपणे चालतो. त्याआधी तो अनेकदा चुकतो. म्हणून अत्यंत वेगवान अंतिम कोडपेक्षा झटपट भाषांतर आणि स्पष्ट चूक-संदेश अधिक मोलाचे. वॉटफोर अनेक विद्यापीठांत पोहोचला तो या दोन गुणांमुळे.

११/
१९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये याच्या अगदी उलट विचाराची परंपरा घडत होती. डेनिस रिची यांनी पीडीपी-११ या लहान संगणकावर सी भाषा विकसित केली. स्मृती इतकी तोकडी की संपूर्ण कंपायलर एका वेळी तिच्यात मावणे कठीण. म्हणून काम तुकड्यांत वाटले गेले. एक प्रोग्रॅम सोर्स कोड वाची, दुसरा असेंब्ली तयार करी, वाटल्यास तिसरा ती सुधारी. मग असेंब्लर आणि शेवटी सर्व भाग जोडणारा लिंकर.

१२/
वापरणाऱ्याला हे सारे दिसत नसे. तो फक्त 'सीसी' ही आज्ञा देई. सीसी स्वतः भाषांतर करीत नसे. मुकादमाप्रमाणे एकेका कारागिराला हाक मारून काम पुढे सरकवीत असे. तयार झालेल्या फाइलचे 'ए डॉट आउट' हे नावही त्याच व्यवस्थेची खूण आहे: असेंब्लर आउटपुट. आज त्या नावाची फाइल असेंब्लर नव्हे, तर लिंकर तयार करतो. नाव मात्र तसेच राहिले.

१३/
आजही वापरात असलेले पर्याय या वाटणीतून जन्मले. 'डॅश सी' म्हणजे जोडणीआधी थांब. मोठ्या लिपीतला 'डॅश एस' म्हणजे असेंब्ली तयार झाली की थांब. मोठ्या लिपीतला 'डॅश ई' म्हणजे केवळ प्रीप्रोसेसर चालव आणि त्याने काय तयार केले ते दाखव. प्रत्येक पर्याय मुकादमाला एका ठरावीक दारावर उभे करतो. बिल्ड बिघडले की निदानाची पहिली पायरी हीच: बिघाड कोणत्या दाराच्या अलीकडे आहे आणि कोणत्या दाराच्या पलीकडे?

१४/
एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. कोड बरोबर दिसतो, तरी कंपायलर एखाद्या नावाबद्दल अनाकलनीय तक्रार करतो. 'डॅश ई' दिल्यावर दिसते की ते नाव कोण्या हेडर फाइलमधल्या मॅक्रोने भलत्याच शब्दात बदलले आहे. म्हणजे माणूस वाचत होता तो मजकूर आणि कंपायलरने वाचलेला मजकूर वेगवेगळे होते. दोघांत वाद होता तो अर्थाचा नव्हताच, पाठभेदाचा होता. हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणाऱ्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल.

१५/
पाठभेदाचा दुसरा प्रकार अधिक फसवा. बेल लॅब्जमध्ये एके दिवशी स्टीव्ह जॉन्सन वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली होती. चूक त्यांनी आधीच सुधारली होती; पण सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती. यंत्र जुनीच प्रत चालवीत होते. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी असाच त्रास झाला होता. त्यातून १९७६ मध्ये 'मेक' जन्मले.

१६/
कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे 'मेक'ला लिहून द्यायचे; फाइलींच्या वेळा ताडून शिळे काय झाले ते तो ठरवतो आणि तेवढेच पुन्हा बांधतो. त्यालाही प्रश्न विचारण्याची सोय सुरुवातीच्या काळापासून होती. 'डॅश एन' दिल्यास तो काहीही न करता, काय केले असते एवढेच छापतो. या कामासाठी फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. एका वाया गेलेल्या सकाळीची ही परतफेड म्हणावी लागेल.

१७/
याच जॉन्सन यांनी 'लिंट' लिहिले. कपड्याला चिकटलेल्या कापसाच्या बारीक तंतूंवरून पडलेले हे नाव. कोड भाषेच्या नियमांत बसतो, तरी संशयास्पद आहे, अशा जागा लिंट वेचून दाखवी. महत्त्वाची गोष्ट ही की लिंट हा कंपायलरहून वेगळा प्रोग्रॅम होता. कंपायलरने वेगाने भाषांतर करावे, शंका काढण्याचे काम दुसऱ्याने करावे, अशी ही विभागणी. लहान यंत्रांच्या काळात ती शहाणपणाची होती. पण त्यातून एक सवय रुजली: गप्प कंपायलर हा चांगला कंपायलर.

१८/
१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला. त्यात मुकादमाची जुनी रचना टिकली आणि लिंटच्या अनेक शंका कंपायलरच्याच पोटात आल्या. 'डॅश व्ही' दिले की मुकादम कोणाला, कोणत्या शब्दांत हाक मारतो आणि हेडर फाइली कोणत्या फोल्डरांत, कोणत्या क्रमाने शोधतो ते उघड होते. मोठ्या लिपीतला 'डॅश एच' कोणत्या फाइलने कोणती फाइल आत ओढली याची वंशावळ छापतो. 'सेव्ह टेम्प्स' हा पर्याय एरवी पुसल्या जाणाऱ्या मधल्या फाइली जपून ठेवतो.

१९/
'डॅश वॉल' हा पर्याय सर्वांत प्रसिद्ध आणि नावाने सर्वांत फसवा. त्यातल्या 'ऑल' या शब्दाचा अर्थ 'सर्व', पण तो सर्व इशारे देत नाही. ज्या गोष्टी शंकास्पद मानल्या जातात आणि सहज टाळता येतात, तेवढ्यांपुरताच तो बोलतो. आणखी हवे असल्यास 'एक्स्ट्रा', आणि त्याही पलीकडे एकेक इशारा नावाने मागायचा. इशाऱ्याला चूक मानून बिल्ड थांबवणारे प्रकल्प असंख्य आहेत; 'वॉल'मध्ये एक नवा इशारा वाढला की त्यांतले कित्येक एका रात्रीत कोलमडू शकतात. त्यामुळे प्रत्येक नवा इशारा तोलूनमापून घ्यावा लागतो.

२०/
२०१४ ची जादा ओळ या फटीतून निसटली. न पोहोचणारा कोड दाखवणारा क्लँगचा पर्याय 'वॉल'मध्ये नव्हता. जीसीसीत तर आणखी विचित्र स्थिती होती. त्याच नावाचा पर्याय तेथे पूर्वी होता, पण त्याची उत्तरे कोड किती सुधारला जातो यावर अवलंबून बदलत, म्हणून ती तपासणी आधीच काढून टाकली गेली होती. जुनी बिल्ड मोडू नयेत म्हणून नाव मात्र स्वीकारले जाई. प्रश्न ऐकून घेतला जात होता, पण उत्तर देणारे कोणी उरले नव्हते.

२१/
मग सर्व इशारे मानावेत, हाच धडा का? २००६ ची एक घटना त्याला आड येते. डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएलची स्मृती तपासणाऱ्या साधनांनी 'न भरलेली स्मृती वापरली जात आहे' असा इशारा दिला. तो शमवण्यासाठी दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्यांतली एक खरोखर निरुपद्रवी होती. ती वगळण्यासाठी मूळ कोडमध्ये 'प्युरिफाय' नावाचा बिल्ड-पर्यायही होता. दुसरी ओळ मात्र यादृच्छिकतेचा प्राण होती.

२२/
इशारा थांबला. त्याबरोबर गुप्त किल्ल्यांमधली अनिश्चितताही संपली. प्रोसेसचा क्रमांक एवढीच बदलती गोष्ट उरली, आणि एका प्रकारच्या यंत्रावर, एका आकाराच्या किल्लीचे जास्तीत जास्त ३२,७६८ नमुने शक्य राहिले. हे मे २००८ मध्ये उघड झाले आणि जगभरच्या सर्व्हरांवरील किल्ल्या बदलाव्या लागल्या. एका प्रकरणात इशारा मागितल्याशिवाय मिळत नव्हता. दुसऱ्यात तो मिळाला, पण त्याचे कारण न समजता त्याला गप्प केले गेले. निदान म्हणजे उत्तर मिळवणे एवढेच नसून ते उत्तर कशाबद्दल आहे हे ओळखणेही आहे.

२३/
याहून मूलगामी शंका केन थॉम्पसन यांनी मांडली होती. ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी दाखवले की कंपायलर स्वतःच्या पुढच्या प्रतीत गुप्त दार पेरू शकतो, आणि सोर्स कोडमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. मग कितीही पर्याय देऊन प्रश्न विचारले तरी साक्षीदारच फितूर. २००९ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी त्यावर सविस्तर उपाय मांडला: दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरने तोच सोर्स बांधावा आणि शेवटच्या फाइली बिट-बिट ताडाव्यात.

२४/
अशी तुलना शक्य व्हायची तर एकाच सोर्समधून प्रत्येक वेळी तीच फाइल निघाली पाहिजे. प्रत्यक्षात बिल्डची तारीख आणि फोल्डरचे नाव आत शिरते आणि प्रती वेगळ्या होतात. डेबियनने २०१३ पासून या प्रश्नाला हात घातला. पुढे जीसीसीमध्ये ठरावीक तारीख स्वीकारण्याची आणि फोल्डरांची नावे बदलून लिहिण्याची सोय आली. बिघाड शोधण्यासाठी जन्मलेले पर्याय आता विश्वासाचा पुरावा तयार करू लागले.

२५/
दरम्यान कंपायलरची बोलण्याची रीतही बदलली. क्रिस लॅटनर यांच्या एलएलव्हीएमवर उभा राहिलेला क्लँग २००७ मध्ये खुला झाला. चुकीची ओळ छापून तिच्याखाली नेमक्या अक्षराशी बाण दाखवणे हा त्याचा विशेष. २०१३ मध्ये जीसीसी ४.८ नेही तीच पद्धत मूळ सवय म्हणून स्वीकारली. २०१९ मध्ये क्लँग ९ ने 'बिल्डला वेळ का लागतो' या प्रश्नाचेही उत्तर देण्यास सुरुवात केली. त्याचा 'टाइम ट्रेस' पर्याय कोणत्या हेडरवर आणि कोणत्या टेम्प्लेटवर किती वेळ गेला याचा आलेखच हाती देतो.

२६/
आणि ती जादा ओळ? २०१६ च्या जीसीसी ६ मध्ये एक नवा इशारा आला: ओळीची मांडणी पाहून ती अटीखाली आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात नाही. 'गोटू फेल'चे दुखणे नेमके हेच होते. हा इशारा 'वॉल'मध्ये समाविष्ट झाला. म्हणजे तो आता वेगळा मागावा लागत नाही. १९५७ मध्ये राहिलेला स्वल्पविराम यंत्राने न विचारता दाखवला होता. २०१४ मधली दुप्पट झालेली ओळही कोणी न विचारता दाखवली जावी, यासाठी दोन वर्षे आणि एक मोठी नामुष्की खर्ची पडली.

#संगणकाचाइतिहास #मराठी